खालून वर वाचलेली पत्रिका

विमलबाई साळवे.

हे नाव आधी लिहून टाकते, बाकीचं सगळं मागून. नगरला माळीवाड्याच्या मागच्या एका बोळात छापखाना होता, तिथं त्या प्रूफं वाचायच्या. अक्षरं शाळेनं दाखवली, पण अक्षराकडं बघायला शिकवलं ते बाईंनी. आणि ज्या दिवशी माझ्याच घरच्या पत्रिकेत मी कुठंच नव्हते, त्या दिवशी तांबड्या पेनानं मला तिथं लिहिलं तेही बाईंनीच. एवढं आधी सांगून ठेवलं, म्हणजे पुढं लिहिताना मधेच थांबले तरी महत्त्वाचं राहून जायचं नाही.

मी आता बडोद्याला असते. तिथल्या एका दुकानात मराठी लोकांच्या लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, शोकपत्रं जुळवते आणि तपासते. शिक्षण किती, असं कुणी विचारलं की अजून मी विषय बदलते. नववी. तीही अर्धी.

गेल्या महिन्यात एका लग्नासाठी नगरला गेले होते. स्टँडवर उतरले आणि नेहमी होतं तेच झालं, डोळे फ्लेक्सवर गेले. ‘हार्दीक शुभेच्छा’. दीर्घ कशाला? खाली ‘शुभेच्छूक’. पुन्हा दीर्घ. ‘आशिर्वाद’मध्ये मात्र जिथं दीर्घ हवी तिथं र्‍हस्व. वाक्य संपतं तिथं पूर्णविराम नाही, आणि उद्गारचिन्हं तीन-तीन, फटाक्याच्या माळेसारखी. येणारे-जाणारे फ्लेक्सवरचे चेहरे बघत होते आणि मी वेलांट्या बघत उभी. रिक्षावाला म्हणाला, “ताई, ओळखीचे हायेत का?” मी म्हटलं, “चुका ओळखीच्या आहेत.” त्यानं रिक्षा सुरू केली.

बोळ सापडला, छापखाना काही सापडला नाही. त्या शटरखाली आता मोबाईलची कव्हरं लटकतात. मी तिथं उभी राहून हुंगलं, खरंच हुंगलं, लोक बघत असतील. शाई, रॉकेल, ओलसर कागदाचे गठ्ठे, आणि या सगळ्यातून वर येणारा बाईंच्या तोंडातल्या लवंगेचा वास. त्यातलं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. नवं प्लास्टिक, बस्स.  जागा अशी धुऊन पुसून कोरी होते, आणि आपल्याला कुणी कळवतही नाही.

कुणी कळवत नाही. या शब्दांशी माझी जुनी ओळख आहे.

त्या बोळात पहिल्यांदा आले तेव्हा हातात एक पिशवी होती आणि मुठीत खर्ड्याहून आलेल्या एस.टी.चं घामानं भिजलेलं तिकीट. घरातून का निघाले होते ते इथं लिहीत नाही. निघाले होते, आणि मागून कुणी आलं नव्हतं. छापखान्याच्या दारावर ‘कामाला बाई पाहिजे’ असा कागद होता. आत टेबलाशी एक बाई बसल्या होत्या, जाड भिंगांचा चष्मा, कानामागं तांबडं पेन.

“वाचता येतं का?”

“नववीपर्यंत.”

“म्हंजे नववीपर्यंत वाचता येतं आन् म्होरलं दिसत न्हाई, असं व्हय?”

मला हसू की रडू कळेना. त्यांनी एक लग्नपत्रिका पुढं सरकवली. “यातल्या चुका काढ.”

मी वाचली. वाचून म्हटलं, “छान आहे.”

“छान हाय का न्हाई ते नवरीचा बाप बघंल. तू अर्थ वाचलास, गं. अर्थ लई लबाड असतो. तो कळला की डोळा पाय पसरून झोपतो.” मग त्यांनी एका जुन्या पत्रिकेचा जाड पुठ्ठा घेतला, ब्लेडनं मधोमध एका शब्दाएवढी फट कापली आणि माझ्या हातात दिली. “ही खिडकी. शेवटच्या शब्दापास्नं सुरू कर आन् खालून वर ये. एका वक्ताला एकच शब्द. मागचा इसर, म्होरचा बघू नको.”

अशी मी उलटं वाचायला शिकले. खालून वर, उजवीकडून डावीकडं. ‘करावे उपकृत राहून उपस्थित’. खिडकीतून एकेक शब्द असा यायचा, जसा रेशनच्या रांगेतला माणूस एकटाच खिडकीशी येतो. त्याचं गाव नाही, गोत नाही. फक्त वेलांटी कुठली, उकार कुठला, टिंब आहे की गळलं. त्या पत्रिकेत सात चुका होत्या, आणि त्यातली एक नवरीच्याच नावात. मी हादरले. एवढं सगळं माझ्या डोळ्यांदेखत होतं आणि मी ‘छान आहे’ म्हणाले होते!

राहायला बाईंनी भिंगारला त्यांच्याच खोलीत जागा दिली. पहाटे लष्कराच्या हद्दीतून बिगूल ऐकू यायचा आणि बाई अंथरुणातूनच म्हणायच्या, “ऊठ, बारका थांब, पाणी भर, मोठा थांब.” प्रूफ मोठ्यानं वाचायचं झालं की त्या स्वल्पविरामाला बारका थांब म्हणायच्या आणि पूर्णविरामाला मोठा थांब. ती सवय घरातही आलेली. मला रागावताना तर विरामचिन्हांसकट रागवायच्या. “भाकरी करपली, बारका थांब, ध्यान कुठं हुतं, प्रश्नचिन्ह.” मी हसले की, “दात काढतीया, उद्गारचिन्ह.”

वर्ष आमच्याकडं कागदावरून कळायचं. लग्नसराईत टेबलावर हळदी-कुंकवाचे डाग, कारण पहिली पत्रिका देवापुढं ठेवायची म्हणून गिऱ्हाइकं तिथंच टिळा लावायची, आणि बोटं पुसायची आमच्या प्रुफांना. जूनमध्ये शाळांची पावतीपुस्तकं. श्रावणात काम मंद, मग बाई टेबलाचे खण उपसायच्या आणि त्यातून जुने शिशाचे खिळे निघायचे, एक ‘क्ष’, एक अर्धा ‘श’. मी ते तळव्यावर घेऊन बसायची, गार आणि जड. दिवाळीत सोनेरी शाई, ती नखांत जाऊन बसायची आणि पाडव्यापर्यंत निघायची नाही. आणि वर्षभर, कुठल्याही ऋतूत, दहाव्याच्या पत्रिका. त्यांना मोसम नव्हता. सकाळी मजकूर यायचा, संध्याकाळी गठ्ठा बाहेर.

एक नियम बाईंनी मला पहिल्या आठवड्यातच घालून दिला होता. गिऱ्हाइकानं लिहून दिलेला मजकूर म्हणजे प्रत. प्रत ती प्रत. “शुद्धलेखन सुधर, टिंब दे, पर माणसं काढू नको आन् घालू नको. ज्याच्या घरचं कार्य, त्याच्या घरची माणसं.”

“आणि त्यांनीच कुणाचं नाव गाळलं असेल तर?”

“मग ती आपली चूक न्हाई.”

मी मान डोलावली होती. केवढं सोपं वाटलं होतं तेव्हा.

माझ्या पहिल्याच वर्षातले ते हुरड्याचे दिवस होते. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या अन्वरभाईनं दुपारी एक प्रूफ माझ्या टेबलावर टाकलं. “दहाव्याचं आहे, घाईचं. माणूस बाजार करून परत येतोय.” मी आत, फळीच्या आडोशाला बसायची, बाहेर काउंटरशी कोण आलं-गेलं ते दिसायचं नाही, आणि कटिंग मशीन सुरू असलं तर ऐकूही यायचं नाही. खिडकी ठेवली आणि खालून सुरुवात केली.

‘परिवार’. ‘शिंदे’. ‘समस्त’. शिंदे हे आडनाव आमच्याकडं रोज एकदा तरी यायचं. टिक. ‘नातवंडे’. ‘जावई’. ‘पुतणे’. ‘मंगल’. ‘सौ.’ टिंब आहे. टिक. ‘बाळासाहेब’. नगर जिल्ह्यात बाळासाहेब नसलेलं घर दाखवा. टिक. ‘शोकाकुल’, लोकांना इथं दीर्घ द्यायची खोड असते, इथं बरोबर होता. ‘खर्डा’. काळजात बारीक कळ आली, यायचीच, पण खर्ड्याचे कागद आधीही आले होते. रफार जागेवर. टिक. ‘विधी’. ‘दशक्रिया’. ‘निधन’. ‘दुखद’. इथं विसर्ग नव्हता. मी तांबड्या पेनानं दोन टिंबं दिली, नीट, एकावर एक. ‘आजाराने’. ‘अल्पशा’. ‘यांचे’. ‘शिंदे’.

‘गेणू’.

गेणू माझ्या आज्याचं नाव.

खिडकी तिथंच राहिली. आज्याला तीन लेक होते. थोरले काका, माझे वडील आण्णा आणि धाकटे तात्या. डावीकडच्या पुठ्ठ्याखाली या तिघांतला एकजण झाकलेला होता, आणि माझा हात ती फट सरकवायला तयार नव्हता. थोरले काका असतील, मी म्हटलं. त्यांना दमा होता. असं मी मनाशी म्हणतेय तोवर मघाशी खिडकीतून गेलेली नावं एकेक करून माघारी आली. मंगल. बाळासाहेब. मी टिक करून सोडून दिलेली माझी बहीण. माझा भाऊ.

खिडकी सरकली. मी सरकवली की आपोआप सरकली, देव जाणे. ‘किसन’. आणि त्याच्या मागं ‘कै.’ टिंब होतं. माझ्या हातानं, निव्वळ सवयीनं, तिथंही टिक केली.

आण्णा गेले होते. मी त्यांच्या मरणातला विसर्ग दुरुस्त केला होता.

रडूही आलं नाही. कान बधिर झाल्यासारखे, कटिंग मशीनचा आवाज लांब कुठंतरी. आण्णांच्या धोतराला येणारा ओल्या मातीचा वास मला तिथं, शाईच्या वासात, स्पष्ट आला. हुरडा भाजला की पहिली मूठ ते माझ्या ओच्यात टाकायचे, गरम, राखेसकट. मी “आण्णा, पोळतंय” म्हणायची आणि ते म्हणायचे, “मग फुंक की.” मी खरंच फुंकर मारली. टेबलावरचा कागद हलला. बाईंनी मान वर केली.

“काय झालं, गं?”

मी ‘किसन’वर बोट ठेवलं. “माझे आण्णा.” बाईंनी प्रूफ ओढून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, माझ्यासमोर तरी, त्यांनी एखादा कागद वरून खाली वाचला. मग प्रत मागवली, तात्यांच्या अक्षरातली. शोकाकुलच्या यादीवर त्यांचं पेन फिरलं. मुलगा बाळासाहेब, मुलगी सौ. मंगल, पुढं पुतणे, जावई, नातवंडं. बाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा प्रतीकडं.

“तू न्हाईस ह्यात.”

“नाही.”

“प्रतीतच न्हाईस.”

“तुम्हीच म्हणता ना, मग ती आपली चूक नाही.”

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. मग मंगलच्या नावापुढं, ओळीच्या खाली, त्यांनी ती खूण केली जी मजकूर सुटला की करतात. काकपद म्हणतात तिला, कावळ्याचं पाऊल. दहाव्याच्या पत्रिकेवर कावळ्याचं पाऊल! आणि समासात, ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘कु.’ आणि पुढं माझं नाव.

मी त्यांचा हात धरला. “बाई, नका. मालक काढून टाकतील तुम्हाला.”

“सोड हात. शाई पसरंल.”

तेवढ्यात तात्या परत आले. बाई प्रूफ घेऊन बाहेर गेल्या. मी फळीच्या आड उभी राहिले. फटीतून तात्यांचा खांदा दिसत होता, आणि खांद्यावरच्या पिशवीतून वर आलेली मेथीची जुडी. दहाव्याच्या स्वयंपाकाची.

“पाव्हणं, तुमच्या मजकुरात एक नाव सुटलंय.”

“न्हाई हो बाई. चारदा वाचून आनलंय.”

“सुटलंय. खूण केलीय बघा.”

तात्या वाचायला वेळ लावतात. ते बोटानं वाचतात. बोट थांबलेलं मला न बघताही कळलं.

“ह्ये नाव तुमाला कुनी सांगितलं?”

“जिचं हाय तिनं. आत हाय.”

“हितं?” तात्यांचा आवाज एकदम खाली आला. “हितं हाय ती? आमी तिला कळवायचं म्हनलं, तर कुठं कळवायचं... कुनाला ठाव?” मग पिशवी खांद्यावर सारत, “बाई, थोरल्या भावानं सांगितलंय, तिचं नाव नगं. घरात ठरलंय. पत्रिका गावभर वाटायची. लोक इचारतील, ही आता कुठून उगवली. काय सांगू?”

माझा श्वास त्या फळीला चिकटला होता. त्या क्षणी ते ‘नको’ म्हणाले असते तर मी कुणाचीच कुणी उरले नसते, छापील तरी.

बाई म्हणाल्या, “सांगा, छापखान्याची चूक झाली.”

“आँ?”

“सांगा, तिथं एक म्हातारी बसती, तिला धड दिसत न्हाई, तिनं घातलं कायतरी. माझं नाव घ्या. विमल साळवे. मालकाला बी मीच सांगीन.”

मी सुन्न झाले. मी काही महिने बघत होते ना त्यांना. एक अनुस्वार निसटला तर जेवण जात नसे त्यांना. छापून आलेल्या पत्रिकेत चूक सापडली की दोन दिवस बोळातून खाली मान घालून जायच्या. त्या बाई स्वतःच्या नावावर चूक मागून घेत होत्या.

तात्यांनी परत त्या नावावर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, “‘कु.’ लिवलंय. त्ये बरुबर हाय ना? का मदी लगीन-बिगीन...?”

“बरुबर हाय.”

“मग करा. झालीच चूक तर झाली.” त्यांनी सही केली. जाताना फळीकडं तोंड करून, मला न बघता, म्हणाले, “घाट सकाळी लवकर हाय. पयल्या गाडीनं ये म्हनावं.”

पहिल्या गाडीनं गेलो, मी आणि बाई. चिचोंडी, कडा, आष्टी. खिडकीच्या काचेतून गार वारा शिरत होता आणि बाजूला ज्वारीची रानं धुक्यात उभी. बाईंनी शाल दोघींच्या अंगावर ओढली. जामखेडला चहा पाजला. मी म्हटलं, “मला उतरू देणार नाहीत.” त्या म्हणाल्या, “उतर, बारका थांब, मग बघू.”

खर्ड्याच्या किल्ल्याचा बुरूज दिसला आणि मला एकदम शाळेच्या मधल्या सुट्टीतला बोरांचा आंबट वास आला. घाटावर माणसं बसली होती, प्रत्येकाच्या हातात आमची पत्रिका. आमची म्हणजे मी तपासलेली. बाळासाहेब माझ्यासमोर आला. दाढी वाढलेली, डोकं नुकतंच भादरलेलं. माझ्याशी बोलला नाही, बाईंशी बोलला.

“छापखान्याची चूक झाली म्हनं.”

“झाली,” बाई म्हणाल्या. “आमच्याकडून हुत न्हाई सहसा. पर झाली.”

त्यानं पत्रिका उघडली, घडी घातली, परत उघडली. “ऱ्हाऊ द्या आता. छापून आलंय त्ये आलंय.” आणि मंगलकडं वळून म्हणाला, “सरक जरा. हिला बसू दे.”

मंगल सरकली. तिच्या लुगड्याची ऊब त्या दगडावर होती. मी तिथं बसले, आणि तेव्हा कुठं रडले.

गेल्या महिन्यात त्या बोळातून निघून मी त्याच दिवशी भिंगारला गेले. खोली तीच, दार तेच. बाई पलंगावर बसल्या होत्या, तोंड दाराकडं, पण नजर माझ्या खांद्याच्या कडेनं गेलेली. “कोण हाय?” मी जवळ गेले तरी, “कोण?” मी कसंबसं “बाई, मी” म्हटलं. बाईंना दिसत नाही. बाईंना! त्यांची भाची स्वयंपाकघरातून म्हणाली, मधलं दिसत नाही त्यांना, कडा दिसतात तेवढ्या. डॉक्टरांनी सांगितलंय, आहे ते जपा.

“मधला शब्दच गेला बघ,” बाई हसून म्हणाल्या, आवाजावरून मला ओळखून. “कडंकडंचं सगळं दिसतं. तुजा कान दिसतोय. तू न्हाईस दिसत.”

मी पर्समधून खिडकी काढली आणि त्यांच्या हातात दिली. पुठ्ठा मऊ पडलाय, कडा काळ्या झाल्यात. त्यांनी बोटानं फट चाचपली. बराच वेळ ते बोट त्या फटीत राहिलं.

“जपलीस व्हय. येडी.” लवंगेचा वास आला. “एक सांगू का? इतकी वर्सं वाचलं, लोकांची लग्नं, बारशी, मौती. दिवाळी अंक सुद्धा येयाचे तपासायला, गोष्टी, कविता, काय-काय. पर सगळं उलटं. एक गोष्ट काय म्या पयल्यापास्नं वाचली न्हाई. म्हनलं, म्हातारपनी वाचू निवांत.”

 दुसऱ्या दिवशीची गाडी होती. दुकानात दोन दिवसांचीच सुट्टी मिळाली होती, आणि तीही दोनदा मागितल्यावर.

हा मजकूर छापायला द्यायच्या आधी मी तो त्याच खिडकीतून तपासलाय, बाईंनी ती परत माझ्याच हातात कोंबली होती. खालून वर, एकेक शब्द. चुका राहिल्या असतीलच, मला झोप लागणार नाही. पण उलटं वाचत वर जाताना अगदी शेवटी, सगळ्यांत वर, फटीत एक नाव येतं, आणि या वेळी त्याच्या आधी ‘कै.’ नाही, हे मी तीनदा बघितलं.

बाई, या दिवाळीला मी येणार. सुट्टी नाही दिली तर नोकरी सोडून येईन, असं म्हणायची माझी छाती नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण मागत राहीन, आणि एक दिवस येईन. चांगला जाडजूड दिवाळी अंक आणीन, तुमच्या पलंगाशी बसेन, आणि पहिल्या पानाच्या पहिल्या शब्दापासून वाचीन. वरून खाली. बारका थांब येईल तिथं थांबेन. आणि मोठा थांब आला तरी तुम्ही ‘हं, पुढं’ म्हणाल तोवर वाचतच राहीन.